विहीर क्रमांक तीनची लाल खूण

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझी ओळख करून देतं, "हे भूजल खात्यात होते," आणि मठ्ठा यायच्या आत शेजारचा गृहस्थ माझ्याकडे सरकून हळूच विचारतो, "आमच्या प्लॉटवर बोअर कुठं घ्यावी?" मी सांगतो, पाणी दाखवणं हा माझा धंदा नव्हे. तळहातावर नारळ धरून शेतातून चालणारे वेगळे. मला सरकारनं नारळ दिला तो एकदाच, निवृत्तीच्या दिवशी. माझं काम पाणी सापडल्यानंतरचं. ते जमिनीखाली कुठून कुठं चाललं आहे, हे मोजायचं. एवढं ऐकलं की गृहस्थ जिलबीकडे वळतो.

तरी थोडं सांगतो, नाहीतर पुढची हकिगत कळायची नाही. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात पाणी मुरलेलं असतं. पाताळात नद्या वाहतात वगैरे कीर्तनात ठीक आहे. प्रत्यक्षात हे पाणी इतकं सावकाश झिरपतं की त्याच्यापुढे सरकारी फाइलसुद्धा धावते, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो. पण ते सरकतं, आणि जिकडे पातळी कमी तिकडेच सरकतं. ती दिशा काढायला निदान तीन विहिरींतली पातळी एकाच दिवशी मोजावी लागते. ताट तीन जागी किती उचललेलं आहे ते कळलं, की आमटी कोणत्या बाजूला ओघळणार ते सांगता येतं, तसंच हे.

मोजायची रीत सोपी. विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करायची. रस्त्यावरच्या पुलाला एक पक्की सरकारी खूण असते, तिच्यापासून दुर्बीण लावून आपल्या खुणेची उंची काढून ठेवायची. मग दर महिन्याला त्या खुणेवर पोलादी टेप धरून विहिरीत सोडायची. टेपेच्या खालच्या टोकाला खडू फासायचा. जिथपर्यंत खडू भिजला तिथपर्यंत पाणी. खुणेपासून पाणी किती खोल ते एका वजाबाकीनं कळतं आणि पाण्याची पातळी दुसरीनं. या दोन वजाबाक्यांसाठी आमच्या खात्यात एम.एस्सी. लागायची. विहिरीवरच्या बायकांना मात्र यातला खडूच तेवढा लक्षात राहायचा. "साहेब टेपेला पावडर लावून आंगुळ घालत्यात," असं त्या एकमेकींना सांगायच्या.

सगळा डोलारा त्या खुणेवर. विहीर हलत नाही, पाणी हलणारच, पण खूण हलता कामा नये. वरिष्ठांनी पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं होतं आणि मीही पुढच्यांना तेवढंच शिकवलं.

आता मूळ गोष्ट. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आकुर्डीच्या पलीकडे, देहूरोडकडे जाताना रस्त्यापासून आत एक वाडी होती. होती म्हणतो, कारण आता तिथं इमारती आहेत आणि वाडीचं नाव फक्त बसथांब्याला उरलं आहे. वाडीच्या वरच्या अंगाला एक कारखाना. स्कूटरचे हँडल, मडगार्डच्या पट्ट्या, आरशांच्या दांड्या अशा वस्तूंना चकचकीत मुलामा देण्याचं काम तिथं चाले. मुलाम्याच्या टाक्यांतलं वापरून झालेलं पाणी मागच्या कुंपणालगत एका मोठ्या खड्ड्यात सोडत. खड्ड्याला ना फरशी ना सिमेंट, नुसता मुरूम. हा खड्डा कधीच भरत नाही, याचं कारखान्यात कौतुक होतं.

कुंपणाच्या खाली, बैलगाडीच्या वाटेनं थोडं उतरलं की वाडीची विहीर. दगडी, जुनी, सहा परस खोल. परस म्हणजे पुरुषभर, तिकडची माणसं विहीर तशीच मोजतात. एका उन्हाळ्यात या विहिरीचं पाणी पिवळं दिसू लागलं. आधी पांढऱ्या धोतरावर कळलं, मग घागरीत, मग नुसतं वाकून पाहिलं तरी. प्यायचं पाणी लांबच्या मळ्यातून आणावं लागू लागलं. विहिरीचं पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांना राहिलं, आणि थोड्या दिवसांनी जनावरंही तोंड फिरवू लागली. कुणीतरी अर्ज केला. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा नवा होता आणि त्याखाली काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून अर्ज फिरत फिरत आमच्याकडे आला.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला, त्यात क्रोमियम निघालं. मुलाम्याच्या टाकीत तेच असतं. कारखान्याचे प्रशासन अधिकारी दातार यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. सभ्य माणूस. चहा, बिस्किटं आल्याशिवाय विषयाला हात घालायचे नाहीत. स्वतः मात्र पुण्याहून आणलेल्या थर्मासमधलं पाणी प्यायचे. "शिर्के साहेब," ते मला म्हणाले, "क्रोमियम खडकातही असू शकतं. आमच्या खड्ड्यातलं पाणी त्या विहिरीकडे जातं, हे तुम्ही दाखवा. आम्ही कायदा मानणारी माणसं आहोत." बोलणं रास्त होतं. मी तीन ठिकाणं धरली. कारखान्याच्या आवारात खड्ड्याशेजारी एक बोअर घेतली, ती विहीर क्रमांक एक. शाळेमागची विहीर दोन. वाडीची विहीर तीन. तिन्हींवर शेंद्री रंगाच्या ऑइल पेंटनं खुणा केल्या आणि खाली पांढऱ्या रंगात क्रमांक घातले. रंग देहूरोडच्या दुकानात जो मिळाला तो घेतला होता. शेंद्रीऐवजी निळा मिळाला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पहिल्याच मोजणीच्या दिवशी रखमाबाई भेटली. तीस-बत्तिशीची असेल. विहिरीपाशी एकटीच उभी होती, शेजारी रिकामी बादली. माझे हात खडूनं पांढरे झाले होते. मी म्हटलं, "बाई, जरा हातावर पाणी घालता का?"

"मला दोराला हात लावता येत न्हाई, साहेब. कुनी आलं म्हंजी वाढतील मला. तुमी शेंदा की."

मी पोहरा सोडला, हात धुतले, तिची बादलीही भरून दिली. का लावता येत नाही, असं विचारल्यावर तिनं गाऱ्हाणं सांगितल्यासारखं नाही, तर रस्ता सांगितल्यासारखं सांगितलं. दोन वर्षांमागं पोराला ताप होता, घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अडचणीच्या दिवसांत तिनं या विहिरीचं पाणी शेंदलं. पुढे पाणी पिवळं झालं. सासूनं हिशोब जुळवला. आसरा कोपल्या. साती आसरा म्हणजे पाण्याकाठच्या सात देवी. त्या विहिरीलाही काठावर होत्या, शेंदूर लावलेले सात दगड. देवऋष्याला विचारलं, त्यानं दुजोरा दिला. पाणी निवळेपर्यंत रखमानं दोराला हात लावायचा नाही, रोज ओल्या केसांनी आसरांची पूजा करून विहिरीत हळद सोडायची, शुक्रवार धरायचा. आणि वाडीला पाणी लांबून आणावं लागतं ते तिच्यापायी, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या घरी तिनं एकेक हंडा पोचवायचा.

"तुमच्या मालकांचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"ते काय म्हननार? कंपनीत जात्यात. येत्यात."

तिचा नवरा नामदेव त्याच कारखान्यात होता. वाडीतली निम्मी तरणी माणसं तिथंच होती. कारखान्यासाठी जमीन गेली त्या बदल्यात मिळालेल्या नोकऱ्या त्या.

मला त्या बाईची कीव आली आणि रागही आला, कुणाचा ते तेव्हा नीट कळलं नाही. मी तिला सांगितलं की पाणी तुमच्यामुळं पिवळं झालेलं नाही, ते वरून येत असणार, आणि मी ते मोजून दाखवणार आहे. ती म्हणाली, "दावा की." विश्वास बसला असावा असं काही वाटलं नाही. पण त्यानंतर दर महिन्याला मी टेप सोडायला गेलो की ती कुठूनतरी यायची आणि विचारायची, "काय म्हनतंय पानी?"

पाणी माझ्याच बाजूनं बोलत होतं. तीन नंबरच्या विहिरीची पातळी कारखान्यातल्या बोअरपेक्षा दर महिन्याला साधारण वीतभर खाली निघायची. वीतभर म्हणजे कमी वाटेल, पण पाण्याला तेवढा उतार पुरतो. खड्ड्यातून विहिरीकडे, सरळ. वर्षभराचे आकडे झाले की अहवाल द्यायचा असं ठरलं होतं. आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खात्यानं मला चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला हैदराबादला पाठवलं.

माझ्या जागी ठोंबरे मोजणीला जाऊ लागला. ठोंबरे म्हणजे नेमस्त माणूस, सांगितल्या कामात एक अक्षर इकडचं तिकडे करायचा नाही. मी त्याला बजावलं होतं, तिन्ही ठिकाणी लाल खुणेवरूनच मोजायचं, दुसरीकडून कुठूनही नाही. त्यानं तसंच केलं.

मी परत आलो तेव्हा टेबलावर दोन कागद वाट पाहत होते. एक ठोंबरेचा तक्ता. त्याप्रमाणे श्रावणापासून तीन नंबरची पातळी कारखान्यातल्या बोअरपेक्षा वर गेली होती आणि वरच राहिली होती. म्हणजे पाणी वाडीकडून कारखान्याकडे चाललं होतं. दुसरा कागद दातारांचा, टाइप केलेला. तक्त्याची प्रत रीतसर त्यांना गेली होती. त्यांनी लिहिलं होतं की वाडीतील विहिरीचे पिवळे पाणी कारखान्याच्या हद्दीत शिरत असल्याचे आता सरकारी मोजणीनेच सिद्ध झाले आहे. सदर विहिरीत धार्मिक कारणास्तव नियमितपणे हळद टाकण्यात येते, असे समजते. तरी ग्रामस्थांना समज द्यावी.

हळद टाकणारी वाडीत एकच होती. सासूच्या मते रखमाच्या विटाळानं पाणी पिवळं झालं होतं आणि दातारांच्या मते तिच्या पूजेनं. आता तर सरकारचा शिक्काही त्यावर बसायच्या बेतात होता.

मी तक्ता घेऊन बसलो. तिन्ही विहिरींची पातळी कागदावर रेघांनी काढली. पाऊस पडला की तिन्ही रेघा चढत होत्या, उघडीप झाली की तिन्ही उतरत होत्या, बरोबरीनं. फक्त श्रावणात तीन नंबरच्या रेघेनं एकदम उडी मारली होती आणि मग ती पुन्हा बाकीच्यांच्या जोडीनं नीट चालू लागली होती. जमिनीखालचं पाणी असं वागत नाही. ठोंबरेला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, खूण लाल होती, खाली 'वि-३' लिहिलेलं होतं. मी चपला काढूनच मोजलं."

"चपला का काढल्या?"

"तिथं सगळेच काढतात."

मी वाडीत गेलो. विहिरीचा कठडा एका बाजूनं नवा दिसत होता. पावसात ढासळला आणि लोकांनी मिळेल ते दगड लावून बांधून काढला. नव्या दगडांवर खूण नव्हती. जुन्या मोटेच्या जागी, जिथं कठडा नव्हता तिथं, जमिनीच्या पातळीला विहिरीच्या अगदी कडेवर आसरा होत्या. रखमाबाई ओल्या केसांनी पूजा करत होती.

"पायतान, साहेब," ती म्हणाली. मी बूट काढले. दगड मोजले. आठ होते. आठव्यावर हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं आणि खाली पांढऱ्या रंगात 'वि-३'.

"आसरा सात ना?" मी विचारलं.

"सातच व्हत्या. ही वर एकटी व्हती, उन्हातान्हात. कठडा पडला तशी आपनहून खाली आली. सात बहिनी हितं आन् ही उपऱ्यावानी चिखलात. बरं दिसतं का? म्या धुतली आन् बशिवली."

"तिच्यावर आकडा आहे."

"त्यो न्हाई पुसला म्या. शेंदूर बाजूबाजूनं लावते."

मी तिथंच खाली बसलो. हा दगड कठड्यावर होता तेव्हाची त्याची उंची आमच्या कागदात होती, आणि तो गुडघाभर खाली येऊन बसला होता. खालून मोजलं की पाणी जवळ लागतं. कागदात उंची जुनीच, म्हणून पाणी तेवढं वर आल्यासारखं दिसत होतं. वीतभर खाली असलेली विहीर वीतभर वर गेली होती, आणि तीही भक्तिभावानं. हे सगळं मी रखमाबाईला जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे ही देवी न्हाई?"

"खूण आम्ही केलेली आहे. देवी कोण आणि कोण नाही, हे आमच्या खात्याकडे येत नाही."

"हिच्यापायी मापात खोट आली?"

"आली."

"कुनाच्या बाजूनं?"

"कंपनीच्या."

"म्हंजे माझ्या उलट." तिनं हात पदराला पुसले. "मंग उचला तिला. ठेवा वर व्हती तितं." असं म्हणाली खरी, पण दुसरा हात दगडावरच होता.

मी म्हटलं, उचलायचं कारण नाही. दगडाची नवी उंची पुलाच्या खुणेपासून पुन्हा काढू, म्हणजे कागद दुरुस्त होईल. देवी हलवण्यापेक्षा आकडा हलवणं सोपं. मात्र हे चारचौघांत करायचं, दातारांच्या आणि वाडीच्या डोळ्यांदेखत, नाहीतर सरकारनं घरात बसून हवा तसा आकडा काढला म्हणतील.

"कुनी हलवला इचारतील," ती म्हणाली.

"विचारतील."

"माझं नाव सांगा. आजून एक व्हईल. त्यात काय."

ठरल्या दिवशी सकाळी वाडी विहिरीपाशी जमली. सासू बायकांच्या पुढं, डोक्यावर पदर घट्ट ओढून. दातार छत्री आणि थर्मास घेऊन आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे तोच विचारला. रखमाबाई बायकांतून बोलली, "म्या." सासूनं कपाळाला हात लावला. दातार म्हणाले, "सरकारी खुणेत ढवळाढवळ झालेली आहे, तेव्हा आता मोजताना दांडी आमचा माणूस धरेल." त्यांनी सोबत आणलेल्या माणसाला पुढं केलं. अंगात कंपनीचा निळा डगला, पायात रबरी बूट, पोटरीपर्यंत पिवळे पडलेले. तो नामदेव होता.

दातारांनी त्याला निवडलं ते विचार करून. वाडीचा माणूस, त्यामुळं वाडीला बोलता येणार नाही. कंपनीचा नोकर, त्यामुळं त्याला बोलता येणार नाही. दांडी म्हणजे आकडे घातलेली उंच लाकडी पट्टी. ती मोजायच्या जागी उभी धरायची आणि लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. धरणाऱ्यानं ती दगडावर टेकवण्याऐवजी बुटाच्या टोकावर टेकवली, तर लांबून कुणाला दिसत नाही आणि आकडा मात्र बदलतो. "नामदेव," दातार मोठ्यानं म्हणाले, "कंपनीचं काम आहे. नीट धर."

पुलापासून टप्प्याटप्प्यानं दुर्बीण हलवत आम्ही विहिरीपर्यंत आलो. आमच्या त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. शेवटच्या टप्प्याला नामदेव मला डोकं खाली पाय वर असा दिसला. तो आसरांपाशी गेला, थांबला, खाली वाकून त्यानं दोन्ही बूट काढले. मग अनवाणी पायांनी पुढं होऊन दांडी आठव्या दगडावर टेकवली आणि मी हात केला तशी ती मागंपुढं सावकाश झुलवली, म्हणजे मला अगदी सरळ उभा आकडा मिळावा. त्यानं ती चोख धरली होती, हे मी शपथेवर सांगेन. ठोंबरेनं आकडे लिहिले. मग दातारांच्या समोर कारखान्यातल्या बोअरमध्ये आणि या विहिरीत टेप सोडली, आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आम्ही त्या दोन वजाबाक्या केल्या.

या निकालाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण लोक तेच विचारतात. तीन नंबरची पातळी वीतभर खालीच होती. खड्ड्यातलं पाणी विहिरीकडे येत होतं. दातारांनी हेड ऑफिसला कळवलं. यथावकाश खड्ड्याला सिमेंट झालं, वाडीला औद्योगिक वसाहतीच्या लाइनीवरून नळ मिळाला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि पाणी पिऊ नये अशी पाटी लागली. विहीर कधी निवळणार, असं मला पुष्कळांनी विचारलं. झिरपणारं पाणी येतं सावकाश आणि जातंही सावकाश. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचो. माझ्या नोकरीत तरी ती निवळली नाही. एवढी जुनी, कधी न आटलेली विहीर होती ती, आणि आम्ही तिची बाजू खरी ठरवली म्हणून ती बंद झाली. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी आकडा वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. कुणाला आनंद झालेला दिसला नाही. निम्म्या घरांतला एकेक माणूस तिकडे कामाला होता आणि उद्या शिफ्टला जायचंच होतं. दातारांनी थर्मासचं झाकण लावलं.

रखमाबाई पुढं आली. "म्हंजे माझ्यापायी न्हाई," ती म्हणाली.

"नाही. तुमचा काही संबंध नाही."

"ल्हिवलं?"

"लिहिलं."

तिनं मान हलवली. मग ती नामदेवकडे वळली. तो अजून दांडी धरून उभा होता. सोड म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमी त्याच टाक्यांवर हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, घरात विचारावं तसं तिनं विचारलं. "टाकीचं पानी खड्ड्यात कोन सोडतं?"

"आमीच. शनवारी."

"कसल्या रंगाचं आसतं?"

नामदेवनं एकदा दातारांकडे पाहिलं, एकदा आईकडे. "पिवळं," तो म्हणाला.

"मंग तुमास्नी ठावं व्हतं."

माझ्या हातात आकड्यांचा कागद होता. मी तो उगाच पुन्हा वाचू लागलो. तो नाही म्हणाला असता तर सगळ्यांनी ते मानलं असतं, मीसुद्धा.

"व्हय," नामदेव म्हणाला. "पयल्यापासनं."

तिनं त्याच्याकडे पाठ केली, कठड्यापाशी गेली आणि दोर उचलला. रखमाबाईनं पोहरा खाली सोडला. इतक्या दिवसांत सवय मोडली होती, पहिल्यांदा तो कडेला आपटला. तिनं तो सावरला, भरला, हातावर हात टाकत वर ओढला. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं पाणी होतं. ते प्यायचं नव्हतं, धुण्याच्याही लायकीचं उरलेलं नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. तिनं पोहरा वाटेवर ओतून टाकला. पाणी नामदेवच्या अनवाणी पायांपर्यंत गेलं, तरी तो हलला नाही. मग तिनं पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

ती किती वेळ शेंदत होती, ते मला सांगता येणार नाही. आम्ही कोणीच तिला थांबवलं नाही.